कीड ओळखा दाण्यावरून

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेतून माझ्याकडे एक छोटे पार्सल आले. आत औषधाच्या गोळ्यांची रिकामी बाटली, कागदाची एक पुडी आणि मुख्याध्यापकांची चिठ्ठी होती. बाटलीत काही जिवंत, काही मेलेले किडे होते. चिठ्ठीत लिहिले होते : "शालेय पोषण आहाराच्या तांदळात सोंडे झाले आहेत. धान्यात ठेवायच्या गोळ्या गावातल्या एकाने आणून दिल्या आहेत. तांदूळ वर्गाला लागून असलेल्या खोलीत आहे. पोत्यामागे किती गोळ्या ठेवाव्यात ते कळवावे. पुडीत भिंतीवरची धूळ आहे. ती चालते, असे मुले म्हणतात."

बाटलीकडे वळण्याआधी मी शाळेत फोन केला आणि गोळ्या पोत्यात टाकल्या नाहीत ना, एवढेच विचारले. टाकल्या नव्हत्या. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असणार हे उघड होते. तीन ग्रॅमची अशी एक गोळी हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून सुमारे एक ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. हा वायू किड्यांइतकाच माणसालाही घातक आहे आणि त्यावर उतारा नाही. दाराच्या फटीतून, कौलांखालून तो शेजारच्या खोलीत सहज जातो. म्हणूनच या गोळ्या सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित कीडनियंत्रक यांनीच वापरायच्या, असे आपल्याकडे बंधन आहे. तरीही त्या सुट्या मिळतात आणि दर काही महिन्यांनी एखाद्या घरात झोपेतच माणसे दगावल्याची बातमी येते. शिवाय उघड्या पोत्यात त्यांचा उपयोगही होत नाही. वायू हवाबंद आवरणाखाली कित्येक दिवस कोंडून राहिला तरच दाण्यातली अळी मरते. अर्धवट कोंडला तर चिवट किडे तेवढे उरतात आणि त्यांची प्रजाही चिवट निघते. गोदामांतल्या काही किडी आज फॉस्फीनला दाद देत नाहीत त्या यामुळेच.

मग बाटली उघडली. "सोंडे झाले" असे चिठ्ठीत होते खरे, पण सदतीस किड्यांपैकी सोंडे होते अवघे चार!

कोणी सोंडे म्हणते, कोणी टोके, कोणी पोरकिडे. घरोघरी ही नावे सरसकट वापरली जातात आणि स्वयंपाकघरात त्याने फारसे बिघडत नाही. परंतु 'पोत्याचे काय करायचे' हा प्रश्न आला की कोणता किडा आहे ते पाहावेच लागते. दाणा आतून पोखरणारा किडा वेगळा, फुटक्या दाण्यावर जगणारा वेगळा आणि नुसत्या ओलाव्यामुळे आलेला वेगळा. तिघांवरचे उपायही वेगळे. आणि अनेकदा किड्यापेक्षा दाणाच अधिक स्पष्ट बोलतो, कारण किडा पळून गेला तरी दाण्यावरची खूण राहते.

आत राहणारे

खऱ्या सोंड्याला (सायटोफिलस ओरायझी) ओळखणे सोपे आहे. लांबी अडीच ते चार मिलिमीटर, रंग तांबूस काळा, पाठीवर चार फिकट नारिंगी ठिपके आणि डोक्यापुढे निमुळती सोंड. हात लागला की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतो. बशीत ठेवून मिनिटभर वाट पाहिली की चालू लागतो. मादी सोंडेच्या टोकाशी असलेल्या जबड्यांनी दाण्याला बारीक खळगा पाडते, त्यात एकच अंडे घालते आणि वर चिकट स्रावाचे बूच बसवते. बूच दाण्याच्याच रंगाचे असते. त्यामुळे अंडे घातलेला दाणा आणि चांगला दाणा नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. आतली अळी पांढरी, गुबगुबीत आणि बिनपायाची. तिला चालत कुठे जायचेच नसते! अन्न खायचे, तिथेच कोष करायचा आणि पाचेक आठवड्यांनी किडा होऊन दाणा फोडून बाहेर पडायचे. बाहेर पडताना राहते ते कडा कुरतडलेले, ओबडधोबड भोक.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चाळणीत चार सोंडे मिळाले म्हणजे पोत्यात चारच आहेत असे नव्हे. आज बाहेर दिसणाऱ्यांच्या कितीतरी पट अंडी, अळ्या आणि कोष दाण्यांच्या पोटात असतात. तांदूळ निवडून, चाळून डब्यात भरला आणि महिन्याने पुन्हा सोंडे दिसले की आपण डब्याच्या झाकणाला दोष देतो. प्रत्यक्षात ते बाहेरून आलेलेच नसतात.

हे वर्गात दाखवता येते. किडलेल्या गव्हाचे शंभर दाणे मोजून पेलाभर पाण्यात टाका आणि चांगले ढवळा. पोकळ झालेले दाणे तरंगतात. ते पानाने (ब्लेडने) शिक्षकांनी उभे कापावेत. काहींत अळी, काहींत कोष, काहींत नुसती भुकटी दिसेल. मात्र बुडालेले सगळे दाणे निर्दोष असे समजू नये. अंडे किंवा अगदी लहान अळी असलेला दाणा जडच असतो आणि तळाशीच जातो.

जाता जाता एक तक्रार. शाळांतून टांगलेल्या काही तक्त्यांवर सोंड्याचे चित्र म्हणून सायटोफिलस ग्रॅनॅरियस या थंड देशातल्या भावंडाचे चित्र छापलेले असते. त्याच्या पाठीवर ठिपके नाहीत आणि त्याला उडता येत नाही. आपल्या पोत्यातला सोंड्या मात्र उडतो. तो शेतातल्या उभ्या पिकावरही जाऊन पोहोचतो. मुलाने तक्त्यावरचे चित्र आणि बशीतला किडा जुळत नाही असे म्हटले तर मूलच बरोबर असण्याची शक्यता आहे.

दाणा पोखरणारा दुसरा किडा म्हणजे छोटा भुंगेरा (ऱ्हायझोपर्था डॉमिनिका). जेमतेम तीन मिलिमीटर लांब, नळीसारखा गोल आणि वरून पाहिले तर बिनडोक्याचा! डोके मानेमागच्या खरखरीत ढालीखाली खाली वळलेले असते. हा मूळचा लाकूड पोखरणाऱ्यांच्या कुळातला, आणि ते त्याच्या वागण्यात दिसते. खातो त्यापेक्षा जास्त सांडतो. पोते हलवले आणि खाली पिठाची रांगोळी पडली, दाणे वेडेवाकडे कुरतडलेले दिसले, गोडसर वास आला की सोंड्यापेक्षा याच्यावर संशय घ्यावा. सोंड्याला दाण्यात थोडा ओलावा लागतो. हा बराच कोरडा दाणाही चालवून घेतो. त्यामुळे 'कडकडीत वाळवला होता, तरी कीड लागली' अशी गव्हाची तक्रार आली की मी आधी याला शोधतो.

कडधान्यांचा मामला निराळा. मूग, चवळी, हरभरा, मटकी यांच्या अखंड दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले, तर ती भुंग्याची (कॅलोसोब्रुकस) अंडी. इथे मादी अंडे आत घालत नाही, दाण्याच्या सालीवर चिकटवते. ताजे अंडे काचेसारखे पारदर्शक असते. अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात शिरते आणि मागे उरलेले टरफल भुकटीने भरते, म्हणून ते पांढरे दिसू लागते. म्हणजे पांढरा ठिपका दिसला याचा अर्थ पाहुणा आत गेलेला आहे. ठिपके खरवडून काही साधत नाही. बाहेर पडताना मात्र भुंगा दाण्याला कंपासाने आखल्यासारखे गोल झाकण कापतो. हे गोल दार आणि सोंड्याचे ओबडधोबड भोक शेजारी ठेवून दाखवले तर मुले पुन्हा कधी विसरत नाहीत. बाहेर आलेला भुंगा दाण्याला तोंडही लावत नाही. दहा-बारा दिवस जगतो, जोडीदार शोधतो, मादी अंडी घालते आणि मरते.

याची लागण पुष्कळदा शेतातच, शेंगांवर सुरू होते. म्हणून सुगीनंतर लगेच वाळवणे महत्त्वाचे. काळ्या प्लास्टिकवर पातळ थर पसरून, वर पारदर्शक प्लास्टिक घालून दाण्याचे तापमान तासभर ५५ अंश सेल्सियसच्या वर राहिले तर आतली अळीही मरते. (पेरायचे बी असे तापवू नये.) कडधान्याला तेलाचा हात लावण्याची आपल्याकडची पद्धतही बिनकामाची नाही. तेलाचा पातळ थर अंडे गुदमरवतो. डाळ भरडून ठेवली तर हा भुंगा बहुतेक त्रास देत नाही.

ज्वारी, मका आणि भात यांत गवताच्या रंगाचा नाजूक पतंग उडताना दिसला, दाण्यावर पातळ पापुद्र्याची खिडकी दिसली, तर तो सायटोट्रोगा. फ्रान्सच्या आंगुमुआ प्रांतात याने धान्याचा एवढा नाश केला की १७६० साली तिथल्या विज्ञान अकादमीचे द्युआमेल द्यु माँसो आणि तिये हे दोघे त्याचा अभ्यास करायला गेले होते. इंग्रजीत अजून त्याला त्या प्रांताचेच नाव आहे. हा पतंग ढिगाच्या खोलात शिरू शकत नाही, वरच्या थरातच राहतो. तांदळाला, रव्याला जाळी धरून गठ्ठे होतात ती करणी दुसऱ्या, करड्या पतंगाची (कॉर्सिरा). त्याची अळी दाण्याबाहेर राहते आणि रेशमाने दाणे एकमेकांना बांधते. हीच अळी प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवतात. पिकांवरच्या किडींचा नाश करणाऱ्या ट्रायकोग्रामा या गांधीलमाशीला पोसायला तिची अंडी लागतात.

मागाहून येणारे

आता बाटलीतले बाकीचे. तीस किडे तांबड्या भुंगेऱ्याचे (ट्रायबोलियम कॅस्टॅनियम) होते. तीन-चार मिलिमीटरचा, चपटा, विटकरी रंगाचा, सोंड नसलेला. भिंगातून पाहिले तर मिशांची शेवटची तीन मणी एकदम जाड. त्याचा जवळचा नातलग ट्रायबोलियम कन्फ्यूझम. त्याच्या मिशा हळूहळू जाड होत जातात. नावच 'गोंधळात टाकणारा' अशा अर्थाचे, आणि तो टाकतोही.

तांबडा भुंगेरा धडधाकट दाण्याला सहसा काही करू शकत नाही. त्याला कणी, पीठ, फुटका दाणा लागतो. म्हणजे तो जास्त संख्येने दिसला तर एक अनुमान काढता येते : हा तांदूळ आधीच फुटलेला किंवा दुसऱ्या कोणी पोखरलेला आहे आणि बराच काळ साठवलेला आहे. त्याच्या अंगातून निघणाऱ्या क्विनोन वर्गातल्या रसायनांमुळे पिठाला गुलाबी झाक आणि उग्र वास येतो. तो वास धुऊन जात नाही, हे पोळी खाणाऱ्याला लगेच कळते.

इथेच उपायाचा फरक पडतो. किडे दिसले की धान्य भर उन्हात टाकायचे ही आपली सवय. कडधान्याला, गव्हाला ते ठीक. पण सडलेला तांदूळ कडक उन्हात एकदम तापला की त्याला बारीक तडे जातात, हाताळताना कणी वाढते आणि तांबड्या भुंगेऱ्याची आपण नव्याने सोय करून देतो. त्याच्यासाठी चाळणी हेच औषध. कणी आणि पीठ चाळून काढले की त्याचे अन्नच गेले. करवतीसारखे सहा-सहा दात छातीच्या दोन्ही बाजूंना असलेला चपटा भुंगा (ओरायझीफिलस) मिळाला तरी हेच.

खापरा हा मात्र या गटात बसत नाही. त्याच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियमला जगभर 'खापरा' हे आपल्याकडचेच नाव आहे. किडा दोन-तीन मिलिमीटरचा, उडत नाही, फार दिवस जगत नाही. नुकसान करते ती त्याची केसाळ, पिवळसर तपकिरी अळी. पोत्याच्या वरच्या थरात केसाळ कातींचा ढीग दिसला आणि दाण्याचे अंकुराकडचे टोक खाल्लेले दिसले तर खापरा समजावा. उष्ण, कोरड्या प्रदेशात तो फोफावतो. अन्न संपले, परिस्थिती बिघडली की अळी भिंतीच्या भेगेत शिरून वाढ थांबवते आणि वर्षानुवर्षे तशीच राहू शकते. गोदाम रिकामे केले, झाडले, नवे धान्य भरले की ती बाहेर. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५३ साली हा सापडल्यावर तो निपटून काढायला बारा-तेरा वर्षे लागली. २०११पासून खापऱ्याच्या देशांतून प्रवाशांनी सामानातून तांदूळ नेण्यावर तिथे बंदी आहे. मुलीसाठी आंबेमोहोर घेऊन गेलेल्या आईची पिशवी विमानतळावर काढून घेतली जाते ती या किड्यापायी.

चालणारी धूळ

पुडीतली धूळ खरोखर चालत होती. काळ्या कागदावर चिमूटभर पसरून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहिली तेव्हा त्यात दोन वेगळे प्राणी दिसले. एक साधारण मिलिमीटरभर लांब, फिकट, चपटा, लांब मिशांचा. थांबत थांबत धावणारा. ही पुस्तकातली ऊ (लायपोस्केलिस). नावात ऊ असली तरी चावत नाही. दुसरा त्याच्या निम्म्याहून लहान, मोत्यासारखा, सावकाश चालणारा. हा माइट, बहुधा अकॅरसच्या गोतावळ्यातला. कोळी आणि विंचू यांच्या नात्यातला, कीटक नव्हे.

पाठ्यपुस्तकी नियम असा की सहा पाय तो कीटक, आठ पाय तो माइट. संशोधक विद्यार्थी असताना मी या नियमावर विसंबून एक आठवडाभर चुकीची मोजणी केली. माइटच्या पिल्लाला सहाच पाय असतात! माझ्या मार्गदर्शकांनी वही पाहून एवढेच विचारले, "मिशा पाहिल्यास का?" माइटला मिशा नसतात, लहान नाही आणि मोठा नाही. साध्या भिंगाने पाय मोजण्यापेक्षा मिशा आहेत की नाहीत हे पाहणे सोपेही आहे. पारदर्शक चिकटपट्टीवर धूळ टिपून ती काचपट्टीवर लावली की शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे छान दिसते.

भिंगही नसेल तर पिठाचा प्रयोग करा. संशय असलेल्या पिठाचा टोकदार शंकू करून झाकून ठेवा, शेजारी ताज्या पिठाचा दुसरा. माइट असतील तर काही तासांत पहिल्या शंकूचे टोक ढासळते, कडा बोथट होतात. पिठाला पुदिन्यासारखा वास येतो तोही माइटचाच. अशा पिठाने काहींना खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. क्वचित गंभीर ॲलर्जीही होते. ते कोंबड्यांना घातलेले बरे.

माइट आणि पुस्तकातली ऊ यांचे सांगणे एकच : इथे ओल आहे. गव्हातला ओलावा १३ टक्क्यांच्या खाली राहिला तर हे माइट वाढू शकत नाहीत. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या पोत्यात त्यांना सगळे अनुकूल असते. यावर विष शोधण्यात अर्थ नाही. पोते लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवणे आणि कौलाची गळती काढणे हाच उपाय.

शाळेने दरम्यान आणखी एक काम केले. सहावी-सातवीच्या मुलांनी प्रत्येक पोत्यातल्या शंभर-शंभर दाण्यांत भोके मोजली. बहुतेक पोत्यांत दोन ते पाच, एका पोत्यात तेवीस. ते पोते बाजूला काढून वर कळवले. दिसणारे किडे चाळले तरी त्यांची विष्ठा, यूरिक आम्ल दाण्यात राहतेच. आपल्या मानकांत त्याची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे आणि ते प्रयोगशाळेतच मोजता येते. इतके पोखरलेले धान्य मुलांच्या ताटात वाढू नये हे ठरवायला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. बाकीचा तांदूळ चाळून आधी संपवायचे ठरले. मूळ कुठे होते तेही मिळाले : कोपऱ्यात गेल्या वर्षीची रिकामी पोती रचलेली होती आणि त्यांच्या शिवणींत भुंगेऱ्यांच्या अळ्या होत्या. पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवली. गोळ्यांचा बंद डबा न उघडता तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे दिला.

बाटलीतले उरलेले तीन किडे राहिले. काळसर हिरवे, चकाकणारे, अडीच मिलिमीटरचे, मुंगीसारखे पण पंख असलेले. घरी तांदळाच्या डब्यात दिसले तर चिलटे म्हणून आपण ते मारून टाकतो. ही ॲनिसोप्टेरोमॅलस कॅलँड्री नावाची सूक्ष्म गांधीलमाशी. सोंड्याचे जुने शास्त्रीय नाव कॅलँड्रा होते, त्यावरून हिचे नाव पडले. दाण्यात अळी आहे हे तिला बाहेरून कळते. त्या अळीवर ती अंडे घालते आणि तिचे पिल्लू अळी खाऊन मोठे होते. माणसाला ती डसत नाही.

मी शाळेला कळवले की तेवीस भोकांच्या पोत्यातले मूठभर दाणे काचेच्या बरणीत भरून तोंडाला मलमलीचे फडके बांधा आणि रोज नोंद ठेवा. महिन्याने पत्र आले. बरणीतून एकवीस सोंडे आणि नऊ माश्या निघाल्या होत्या. सोबत एका मुलीचा प्रश्न होता : माशी दाण्याला भोक न पाडता आत कशी गेली? ती आत जातच नाही. शेपटीकडच्या सुईसारख्या नळीने ती दाण्याच्या भिंतीतून अंडे आत सोडते. बाहेर येते ती आत वाढलेली तिची लेक किंवा लेक नसेल तर लेकरू, आणि त्याने पाडलेले भोक सोंड्याच्या भोकापेक्षा लहान आणि चांगले गोल असते. आता ती मुलगी रिकामे दाणे भिंगाखाली घेऊन दोन्ही भोके वेगळी मोजते आहे.